आधी स्तुती, मग मागणं: पण स्तुती निवडायची कशी?

नाशिकरोडच्या एका घरसभेत नव्याने जाऊ लागलेल्या बहिणीचा प्रश्न असा आहे: "प्रार्थनेला बसले की पहिल्याच वाक्यात मुलाची नोकरी, सासूबाईंचा गुडघा आणि घराचे हप्ते येतात. सगळे म्हणतात, आधी देवाची स्तुती कर, मग माग. मी दोन-तीन वाक्यं म्हणते, पण ती खोटी वाटतात. साहेबांकडून काम करून घ्यायचं म्हणून आधी मस्का लावावा तसं. स्तुती खरंच आधी हवी का? आणि करायची कशी?"

हो, आधी हवी. तुम्हाला ती खोटी वाटते, कारण तुमच्या स्तुतीचा आणि तुमच्या मागण्याचा एकमेकांशी काही संबंध नसतो. "हे प्रभू, तू थोर आहेस, महान आहेस, पवित्र आहेस" असं एका दमात म्हणून लगेच "मुलाला नोकरी दे" म्हटलं, तर मधे खड्डा राहतो आणि मन त्यात अडखळतं. ज्या गोष्टीसाठी मागायचं आहे, तिच्या संदर्भात देव कसा आहे, हे आधी त्याच्यासमोर बोलायचं. म्हणजे स्तुती मागण्याच्या पोटातून शोधायची आणि बोलताना ती मागण्याच्या आधी ठेवायची. पुढचं सगळं उत्तर या एका गोष्टीभोवती आहे.

आधी प्रभूने शिकवलेली प्रार्थनाच बघू, ती तुम्हाला पाठ असणार. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात ती नवव्या वचनापासून सुरू होते, आणि भाकर येते ती अकराव्या वचनात. त्याआधी "हे आमच्या स्वर्गातील पित्या" ही हाक आहे, आणि मग तुझं नाव, तुझं राज्य, तुझी इच्छा. इथे एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. "तुझे नाव पवित्र मानले जावो" हे वाक्य व्याकरणाने मागणंच आहे. फक्त ते आपल्यासाठी नाही, देवासाठी आहे. म्हणजे येशूने शिकवलेली स्तुती ही विशेषणांची माळ नाही. देवाचा मान व्हावा ही तळमळ आहे. आणि या प्रार्थनेच्या लगेच आधी, आठव्या वचनात, तो सांगतो की तुम्ही मागण्याआधीच तुम्हाला कशाची गरज आहे हे पित्याला ठाऊक असतं. त्यामुळे स्तुती देवाचं मन वळवायला नसते, आणि मागणं त्याला बातमी द्यायला नसतं.

दुसरा नमुना प्रेषितांच्या कृत्यांच्या चौथ्या अध्यायात आहे. पेत्र आणि योहान यांना अधिकाऱ्यांनी दम देऊन सोडलंय. ते आपल्या लोकांत परत येतात आणि सगळे मिळून प्रार्थना करतात. ती 24 ते 30 अशी सात वचनांची आहे. पहिली पाच वचनं मोजून बघा: आकाश, पृथ्वी, समुद्र निर्माण करणारा तू, मग दुसऱ्या स्तोत्रातल्या राजांच्या बंडाच्या ओळी, मग येशूला मारताना हेरोद आणि पिलात यांनी जे केलं तेही तुझ्या संकल्पाबाहेर नव्हतं ही कबुली. मागणं फक्त शेवटच्या दोन वचनांत. आणि स्तुती कोणती निवडली? समोर संकट अधिकाऱ्यांचं होतं, म्हणून त्यांनी अधिकाऱ्यांच्या वर असलेल्या देवाची स्तुती केली. त्या दिवशी त्यांनी मेंढपाळ देवाची किंवा अन्नदात्या देवाची स्तुती केली नाही. मग मागितलं काय, तर धमक्या थांबव असं नाही. धैर्याने बोलता येऊ दे, असं. योग्य स्तुती झाली की मागणंच बदलतं. मागण्यापासून सुरुवात केली की जे मनात घेऊन बसलो, तेच घेऊन उठतो.

आता मस्क्याबद्दल. माणसाला खूश करून काम काढायची सवय आपल्या हाडीमाशी आहे, आणि नवसाची भाषाही आपल्या आसपास रोजची आहे. तू हे दे, मी ते करीन. ख्रिस्ती घरातसुद्धा ही देवाणघेवाण शिरते, फक्त नारळाऐवजी "हालेलूया" देतात. पन्नासाव्या स्तोत्रात देव याच हिशेबाला उत्तर देतो: मला भूक लागली तरी मी तुला सांगणार नाही, कारण जग माझंच आहे. त्याला आपल्या स्तुतीची टंचाई नाही. गरज आपल्याला आहे, कारण काळजीने भरलेल्या मनाला देव लहान दिसतो आणि हप्ता मोठा. स्तुती करताना ही मापं पुन्हा जागेवर येतात. स्वतःची परीक्षा करायची असेल तर एक प्रश्न पुरे: हे मागणं मिळालं नाही, तर मी आत्ता म्हटलेलं वाक्य उद्या परत म्हणू शकेन का? "तू माझ्या मुलाला नक्की नोकरी देणारा देव आहेस" हे उद्या म्हणता येणार नाही. "तू प्रत्येक जीवाला वेळेवर अन्न देणारा आहेस" हे 145व्या स्तोत्राचं वाक्य उद्याही खरं असेल. पहिली स्तुती नाही, ते मागणंच स्तुतीचे कपडे घालून आलेलं आहे.

प्रत्यक्ष कसं करायचं, तर मंडळीच्या उपासनेत एक जुना साचा आहे. त्याचे पाच भाग असतात: देवाला हाक, तो कसा आहे हे सांगणारं एक वाक्य, मागणं, ते कशासाठी हवं आहे, आणि येशूच्या नावाने शेवट. प्रभुभोजनाच्या उपासनेत सुरुवातीलाच जी प्रार्थना म्हणतात ती आठवा. आधी म्हणायचं की सर्वांची अंतःकरणं तुझ्यापुढे उघडी आहेत, कोणतीही गुप्त गोष्ट तुझ्यापासून लपलेली नाही, आणि मग मागायचं की आमच्या मनातले विचार शुद्ध कर. अंतःकरण उघडं दिसणाऱ्या देवालाच ते धुवायला सांगितलंय. दुसरा भाग आणि तिसरा भाग असे एकमेकांत अडकलेले असले की स्तुती खोटी वाटत नाही. मराठीत हे फार सोपं जातं, कारण आपल्याकडे "जो… तो" आहे. "जो तू रानातल्या चिमण्यांची मोजदाद ठेवतोस, तो तू माझ्या लेकराकडे बघ." हे एक वाक्य म्हणायला दहा सेकंद लागतात आणि स्तुती, मागणं दोन्ही त्यात आहेत.

तुमचीच तीन मागणी घेऊ. मुलाच्या नोकरीसाठी 145व्या स्तोत्राची पंधरा-सोळावी वचनं: सर्वांचे डोळे तुझ्याकडे लागतात आणि तू मूठ उघडतोस. सासूबाईंच्या गुडघ्यासाठी निर्गमच्या पंधराव्या अध्यायातलं "मी तुला बरे करणारा परमेश्वर आहे". पण तिथेच थांबू नका. यशयाच्या 46व्या अध्यायात देव म्हणतो की तुमचे केस पिकेपर्यंत मी तुम्हाला वाहून नेईन. म्हाताऱ्या माणसाच्या दुखण्यात हे वचन जास्त खोल जातं, कारण गुडघा पूर्ण बरा होवो न होवो, वाहून नेणारा तोच आहे. हप्त्यांसाठी मत्तय सहामधली पाखरं आणि रानातली फुलं. अपराधाचं ओझं असेल तर निर्गम 34:6: दयाळू, कृपाळू, मंदक्रोध. ही ओळ शास्त्रात इतक्या वेळा परत येते की 103व्या स्तोत्रातही आहे, 145व्यातही आहे, आणि रुसलेल्या योनाच्या तक्रारीतसुद्धा आहे. एकटेपणासाठी 68वं स्तोत्र: पोरक्यांचा पिता, विधवांचा कैवारी. कोर्टाची किंवा वाटणीची भानगड असेल तर 146वं: तो पीडितांचा न्याय करतो.

द्राक्षबागायतदार कुटुंबांसाठी थोडं वेगळं लिहितो, कारण निफाड-दिंडोरीकडे प्रार्थनेतलं पहिलं मागणं बहुतेक वेळा आभाळाचं असतं. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर माल उतरेपर्यंत अवकाळीची धास्ती असते. अशा वेळी "तू चांगला आहेस" ही मोघम स्तुती तोंडातल्या तोंडात विरते. 147व्या स्तोत्रात मात्र गारांचा थेट उल्लेख आहे: गारा टाकणारा तोच, आणि त्याच्या गारठ्यापुढे कोण टिकेल, असं विचारून पुढे म्हटलंय की तो आपला शब्द पाठवून त्या वितळवतो. "गारा तुझ्या हुकमात आहेत" असं म्हणून मग "आमची बाग राख" म्हणा. आणि योहानाच्या पंधराव्या अध्यायातला पिता माळी आहे, छाटणी करतो. छाटणीची कात्री हातात घेतलेल्या माणसाला त्याचा अर्थ कोणी समजावायची गरज नाही. फांदी का कापतात हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

पण गारांनी बाग झोपलीच असेल, तर तिथे जाऊन "आधी स्तुती करा" असं कृपा करून सांगू नका. ही चूक घरसभांत फार होते आणि ती माणसाला देवापासून दूर लोटते. ज्या पुस्तकाला इब्री भाषेत "स्तुतिगीतं" म्हणतात, त्या स्तोत्रसंहितेतच कितीतरी स्तोत्रं आक्रोशाने सुरू होतात. तेरावं स्तोत्र सहा वचनांचं आहे: दोन वचनं "कोठवर?" अशी तक्रार, दोन मागणं, आणि शेवटची दोन भरवसा आणि गाणं. म्हणजे क्रम उलटा. 88वं स्तोत्र तर अंधारातच संपतं. बुडणाऱ्या पेत्राने "प्रभुजी, मला वाचवा" एवढंच म्हटलं, आणि येशूने लगेच हात पुढे केला. स्तुती कुठे आहे, असं विचारलं नाही. सिव्हिलच्या वॉर्डात पेशंटच्या उशाशी दोन मिनिटं मिळतात, तिथे एक हाक आणि एक मागणं पुरेसं आहे. हबक्कूकच्या तिसऱ्या अध्यायातली स्तुती नाशिकच्या शेतकऱ्याला थेट लागू पडते: द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वरात आनंद करीन. पण हे संदेष्टा स्वतःच्या तोंडाने म्हणतो. दुसऱ्याच्या नुकसानीवर उभं राहून ते त्याला म्हणायला लावू नये. आधी त्याच्यासोबत तेरावं वाचा. हबक्कूक तो स्वतः काढील, महिन्याने किंवा वर्षाने.

मग रोजच्या प्रार्थनेत क्रम कशाला पाळायचा? पारसाच्या राजाच्या चाकरीत असलेला यहुदी नहेम्या बघा. यरुशलेमेची वाताहत ऐकल्यावर त्याने जी प्रार्थना केली ती पहिल्या अध्यायात आहे: थोर आणि भयप्रद देवा ही स्तुती, मग पापाची कबुली, मग देवाने दिलेलं वचन, आणि शेवटी, अगदी शेवटी, मागणं. किस्लेव ते निसान या इब्री महिन्यांदरम्यान सुमारे चार महिने गेले. मग राजाने अचानक विचारलं, तुला काय हवं? तेव्हा त्याने उत्तराआधी मनातल्या मनात क्षणभर प्रार्थना केली. त्या क्षणात स्तुतीला वेळ नव्हता. पण चार महिन्यांची घरातली सवय त्या क्षणाच्या मागे उभी होती. तिसऱ्या शतकात आलेक्झांड्रियाच्या ओरिगेन या ख्रिस्ती विद्वानाने प्रार्थनेचा जो क्रम सांगितला तोही जवळपास हाच: स्तुती, उपकारस्मरण, पापांगीकार, मागणं, आणि शेवटी परत स्तुती.

स्तुती आणि आभार यात घोळ होतो, आणि त्याचं एक कारण आपल्या भाषेत आहे. मराठी पवित्र शास्त्रात "हे माझ्या जिवा, परमेश्वराचा धन्यवाद कर" असं 103वं स्तोत्र सुरू होतं. आजच्या बोलण्यात धन्यवाद म्हणजे थँक्यू, म्हणून लोक तिथे मिळालेल्या गोष्टींची यादी वाचायला लागतात. मूळ शब्दाचा रोख देवाला धन्य म्हणण्याकडे, त्याचा गौरव करण्याकडे आहे. सोपी खूण अशी: "तू दिलंस, तू केलंस" हे आभार, "तू आहेस" ही स्तुती. दोन्ही हवेत, पण वाईट दिवशी आभारांची यादी आखडते आणि स्तुती आखडत नाही, म्हणून स्तुती पहिली. उलट्या बाजूने एक शब्द लक्षात घ्या: "होसान्ना". 118व्या स्तोत्रात तो मूळचा "आता तार" असा आक्रोश आहे, आणि यरुशलेमेच्या रस्त्यावर झावळ्या हातात घेतलेल्यांच्या तोंडी तो जयघोष झाला. मागणं आणि स्तुती एवढी जवळ राहतात.

वेळेचं म्हणाल तर सकाळी डबे, पाणी आणि सातपूर-अंबडची पहिली पाळी सांभाळून बारा मिनिटं काढता आली तरी भागतं. पहिलं मिनिट गप्प बसा; नुसतं श्वास शांत होईपर्यंत. तीन मिनिटं एक स्तोत्र मोठ्याने वाचा आणि त्यातलं देवाबद्दलचं एकच वाक्य उचलून आपल्या शब्दांत परत त्याला सांगा. एकच. पाच उचललीत तर एकही मनात राहत नाही. मग दोन मिनिटं आभार, कालच्या दिवसातल्या तीन गोष्टींचे, नावं घेऊन. एक-दोन मिनिटं कबुली. उरलेली चारेक मिनिटं मागण्याला, आणि तेवढी भरपूर होतात, कारण स्तुतीनंतर मागणी आपोआप कमी आणि नेमकी होतात. सुरुवातीला तीन मिनिटं स्तुती संपता संपत नाही असं वाटेल. त्यासाठी 145व्या स्तोत्रापासून सुरुवात करा. त्याच्या एकवीस वचनांत मागणं नाहीच, त्यामुळे मन मागण्याकडे पळालं तर वाचता वाचता परत येतं. रोज तीन वचनं धरली तर एक आठवडा जातो. गाता येत असेल तर "उपासना-संगीत" या आपल्या गीतांच्या पुस्तकातलं एक कडवं वाचनाच्या जागी चालेल. नारायण वामन टिळकांनी अभंगाच्या आणि ओवीच्या चालीत लिहून ठेवलं, म्हणून मराठी जिभेला स्तुती परकी लागत नाही. एवढं मात्र बघा की निवडलेलं कडवं "तू" बद्दल आहे, "मी" बद्दल नाही.

मन मधेच मागण्याकडे धावलंच तर त्याच्याशी भांडू नका. शेजारी एक कागद ठेवा, "हप्ता" असा एक शब्द लिहा आणि परत स्तोत्राकडे या. कागदावर आल्यावर मन ती गोष्ट घट्ट धरून ठेवत नाही.

कॅथोलिक बंधुभगिनींसाठीही हेच. फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशू मंदिराच्या यात्रेला लांबलांबून लोक मागणं घेऊनच येतात, आणि यावंच. रांगेत उभं असताना मागणं घोकत राहण्याऐवजी फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय मनात म्हणा: देवाच्या स्वरूपाचा असून त्याने स्वतःला रिक्त केलं आणि माणूस झाला. लेकरू मागायला आलेल्या जोडप्यासाठी, जो स्वतः गव्हाणीत निजला त्याची स्तुती यापेक्षा नेमकी काय असणार?

स्तुतीला लागणारी नावं गावातसुद्धा सापडतात. नाशिकच्या शरणपूर रोडने रोज जाणाऱ्याने त्या नावाकडे एकदा नीट बघावं. 19व्या शतकाच्या मध्यावर चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेली ही ख्रिस्ती वस्ती, जिथे गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांनाही आसरा आणि शिक्षण मिळालं. शरण जाण्याचं ठिकाण. 46वं स्तोत्र "देव आमचा आश्रय" असं सुरू होतं. बसमधून ती पाटी दिसली की तेवढं एक वाक्य म्हणता येतं.

आता घरसभा, कारण प्रश्न तिथूनच आला. आपल्याकडे सभा सुरू झाली की पुढारी विचारतात, "कोणाच्या काही विनंत्या?" मग वीस मिनिटं आजार, बदल्या, लग्नं यांवर बोलणं होतं, सगळ्यांची मनं जड होतात, आणि त्या जड मनांना "चला, स्तुती करू" म्हणतात. स्तुती वर उठत नाही ती यामुळे. विनंत्या आल्या आल्या चिठ्ठीवर लिहून टोपलीत टाकायला सांगा आणि टोपली स्तुतीनंतर उघडा. स्तुतीच्या वेळी प्रत्येकाने एकच वाक्य बोलायचं, "तू" ने सुरू होणारं. दहा माणसांना पाच मिनिटं पुरतात. एकाच माणसाने दहा मिनिटं स्तुती केली तर तिचं प्रवचन होतं. तो देवाशी बोलण्याऐवजी बसलेल्यांना ऐकवायला लागतो, आणि हे त्याच्याही लक्षात येत नाही. प्रत्येक वाक्यात चारदा "प्रभू, प्रभू" किंवा अधूनमधून "हालेलूया" भरायची सवयही थांबवा. हालेलूया म्हणजे "परमेश्वराची स्तुती करा", ही इतरांना दिलेली हाक आहे. ती दिली की पुढे स्तुती आली पाहिजे, नाहीतर बोलावून पाहुण्यांना दारातच उभं केल्यासारखं होतं. चिठ्ठी उघडताना पुढाऱ्याने आधी विचारायचं: "या विनंतीसाठी देवाचं कोणतं रूप आठवू?" कोणीतरी एक वचन सांगतं, आणि मग मागतात. पहिले दोन-तीन आठवडे गप्पपणा येईल. लोकांना वाक्यं सुचणार नाहीत, आणि नवे लोक जमिनीकडे बघत बसतील. त्या दिवसांत 136वं स्तोत्र घ्या. सव्वीस वचनं आहेत. पुढाऱ्याने वचनाचा पहिला अर्धा भाग वाचायचा आणि सगळ्यांनी प्रत्येक वेळी म्हणायचं, "त्याची दया सनातन आहे." चार मिनिटं लागतात, आणि वाचता न येणाऱ्या आजींनाही ते तिसऱ्या वचनापासून म्हणता येतं.